उजव्याबरोबर डावाही लुकलुकू लागला तेव्हा

आमचा ट्रक सहा चाकी आहे, दहा वर्षांचा जुना आहे आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तो जवळजवळ रोज संध्याकाळी निफाड किंवा पिंपळगाव बसवंतच्या परिसरात द्राक्षे भरून रात्री वाशीच्या बाजाराकडे निघतो. हंगाम संपला की कांदा, आणि पावसाळ्यात जे भाडे मिळेल ते. गाडी मी स्वतः क्वचितच चालवतो. गेली सहा वर्षे ती एकाच ड्रायव्हरच्या हाती आहे आणि ते वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे असल्यामुळे मी त्यांना मामा म्हणतो. मामा तक्रार करणारे गृहस्थ नाहीत. म्हणूनच त्यांनी एकाच महिन्यात तिसऱ्यांदा मागच्या इंडिकेटरचा बल्ब उडाल्याचे सांगितले आणि वर ‘भाऊ, आता ते एलईडीचे बल्ब टाकून बघा, सगळ्या गाड्यांना दिसतात,’ असे सुचवले, तेव्हा मी ते लगेच मान्य केले. पासिंगची तारीखही जवळ आली होती. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते, आणि नाशिकला पेठ रोडवरच्या आरटीओत एका बंद इंडिकेटरसाठी परत पाठवले जाण्याचा अनुभव मी पूर्वी घेतलेला आहे.

बल्ब बदलणे हे दहा मिनिटांचे काम आहे अशी माझी समजूत होती. ते काम पुरते संपायला तीन आठवडे लागले.

पहिल्याच खरेदीत माझी एक चूक झाली. आडगाव नाक्यावरच्या दुकानातून मी पांढऱ्या प्रकाशाचे बल्ब आणले, कारण दिव्याची काच पिवळी असल्यामुळे आत कोणताही रंग चालेल असे मला वाटले. साध्या बल्बच्या बाबतीत ते खरे आहे. त्याच्या प्रकाशात पिवळा आणि लाल भाग भरपूर असतो आणि नारिंगी-पिवळी काच तेवढाच भाग बाहेर सोडते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळ्याचा वाटा मोठा असतो आणि तो सगळा काचेतच अडकतो. परिणामी हातात धरल्यावर डोळे दिपवणारा बल्ब काचेमागे गेला की पाण्यात भिजलेल्या हळदीसारखा फिका दिसू लागला. मी ते बल्ब परत करून पिवळे आणले. ते आणताना खालच्या टोपीवरच्या दोन खुंट्या नीट पाहून घेतल्या, कारण काही पिवळ्या बल्बांच्या खुंट्या समोरासमोर नसून किंचित कोनात असतात आणि ते आपल्या होल्डरमध्ये बसत नाहीत. पुड्यावर १० ते ३० व्होल्ट असे छापलेले होते. आमची गाडी २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेली आहे, त्यामुळे हे वाचणे आवश्यकच होते.

मागचे दोन बल्ब बसवून मामांना स्विच दाबायला सांगितले आणि इंडिकेटर वेड्यासारखा भराभर लुकलुकू लागला. मी घड्याळ लावून पंधरा सेकंदांत मोजले तर त्रेचाळीस वेळा, म्हणजे मिनिटाला १७२. इंडिकेटरची गती मिनिटाला ६० ते १२० यांच्या दरम्यान असावी असा दंडक आहे. पासिंगला हे चालणार नव्हते हे उघड होते, आणि रस्त्यावरही अशा गतीने फडफडणारा दिवा मागच्या माणसाला काही सांगण्यापेक्षा चिडवतोच अधिक.

याचे कारण मला ठाऊक होते, निदान ऐकून तरी. सातपूरच्या आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेला आहे, पुढे ते काम केले नाही ही गोष्ट वेगळी. डॅशबोर्डच्या खाली जो फ्लॅशर असतो, ज्याची टिक-टिक आपल्याला ऐकू येते, तो केवळ दिवा चालू-बंद करत नाही. आपल्यातून किती करंट जातो आहे याच्यावरही त्याचे लक्ष असते. एका बाजूचे २१ वॅटचे दोन बल्ब जळत असतील तर तो संथ चालतो. एक बल्ब उडाला की करंट जवळपास निम्मा होतो, आणि ड्रायव्हरला ते कळावे म्हणून फ्लॅशर मुद्दाम आपली गती दुप्पट करतो. मी मल्टीमीटर लावून पाहिले तेव्हा जुना बल्ब ०.८५ अँपिअर घेत होता आणि नवा एलईडी ०.११. फ्लॅशरच्या दृष्टीने मागचा बल्ब उडालेलाच होता. तो त्याचे काम चोख करत होता.

याच वेळी एक छोटी गोष्ट नजरेतून निसटली, जी नंतर फार महागात पडली. केबिनच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच वॅटचे छोटे इंडिकेटर असतात. त्यातला डाव्या बाजूचा कधीचाच बंद पडलेला होता. पाच वॅटच्या कमतरतेने फ्लॅशरची गती बदलत नाही, म्हणून ते ना मामांच्या लक्षात आले होते, ना माझ्या.

गती कमी करण्याचा रूढ उपाय म्हणजे एलईडीच्या जोडीला, त्याच दोन वायरींवर, एक रेझिस्टन्स लावायचा. तो नुसता करंट पिऊन गरम होतो आणि फ्लॅशरला वाटते की जुना बल्ब आहे. दुकानदाराने सोनेरी रंगाच्या, उष्णता सोडणाऱ्या पात्या असलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या काढून दिल्या. त्यावर ५० वॅट, ६ ओहम असे कोरलेले होते. ‘सगळे हेच नेतात,’ असे तो म्हणाला आणि ते खोटेही नव्हते, फक्त ते सगळे कार आणि पिकअपवाले होते. मी त्या पट्ट्या मागच्या दिव्यांजवळ प्लास्टिकच्या टायने वायरिंगच्या गुंडाळीलाच बांधल्या. गती ८६ वर आली. मी समाधानाने चहा घेतला आणि मामा रात्री माल भरून निघाले.

पहाटे दोनच्या सुमारास त्यांचा फोन आला. कसारा घाटात एक कंटेनर बंद पडल्यामुळे गाड्या खोळंबल्या होत्या, मामांनी शहाण्या माणसाप्रमाणे चारही इंडिकेटर चालू ठेवले होते, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ते सगळे एकदम बंद झाले. खाली उतरून पाहिले तर मागून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. ‘भाऊ, हात लावला तर फोड येईल असं तापलंय, मी वायरच तोडून टाकली,’ असे ते म्हणाले. फ्यूज उडाला होता आणि तो उडाला म्हणूनच पुढचे टळले. मागे इंडिकेटर नसलेली भरलेली गाडी अंधारात घाटातून उतरवायला ते तयार नव्हते आणि मीही त्यांना तसे सांगितले नसते. उजाडल्यावर गाडी निघाली, वाशीला पोचेपर्यंत सकाळचा चांगला भाव निघून गेला होता आणि बागायतदाराची बोलणी मी खाल्ली.

परत आल्यावर मी ती पट्टी काढली. टाय वितळून तिच्यावर काळ्या थेंबासारखा चिकटला होता आणि शेजारच्या तीन वायरींचे आवरण सोलून आतले तांबे दिसत होते. मग मी जे आधी करायला हवे होते ते केले, कागदावर आकडे मांडले. १२ व्होल्टच्या गाडीत ६ ओहमचा रेझिस्टन्स २ अँपिअर घेतो आणि २४ वॅट जाळतो, म्हणजे साधारण एका बल्बएवढेच. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना २८ व्होल्ट असतात. अठ्ठावीसला सहाने भागले की साडेचार अँपिअरच्या वर उत्तर येते आणि पेटलेल्या क्षणी पट्टी १३० वॅट जाळते. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो असे धरले तरी सरासरी ६५ वॅट, तेही ५० वॅटच्या पट्टीत, तेही लोखंडावर घट्ट न बसवता प्लास्टिकने बांधलेल्या. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि पुढचे दोन साधे बल्ब मिळून ११ अँपिअरच्या पुढे जातात, आणि फ्यूज होता १० चा. ओहमचा नियम मी परीक्षेत आकृतीसह लिहिला होता.

२४ व्होल्टला २१ वॅटच्या बल्बची जागा घ्यायची तर सुमारे २७ ओहमचा रेझिस्टन्स लागतो आणि तसा मिळतोही. पण तो आणायला माझे मन तयार होईना. तो लावला तरी २१ वॅट उष्णतेतच जाणार होते, म्हणजे बल्ब बदलून वाचवलेली सगळी वीज बाजूला बसवलेल्या शेगडीत जाळायची. शिवाय ती शेगडी द्राक्षाच्या कागदी खोक्यांच्या हौद्याखाली ठेवायची. मी दोन्ही पट्ट्या काढून अडगळीत टाकल्या आणि फ्लॅशरच बदलायचे ठरवले.

करंट न मोजता ठरावीक गतीने चालणारे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतात. त्यांना तीन पिना असतात: एकीवर बॅटरीची लाइन, दुसरीवरून स्विचकडे जाणारी लाइन आणि तिसरी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला गाडीचा पत्रा. माझ्या जुन्या फ्लॅशरवर या पिनांना ४९, ४९ए आणि ३१ असे आकडे होते. नव्यावर इंग्रजी बी, एल आणि ई ही अक्षरे. पिना दिसायला त्याच जागी, पण एल आणि ई यांची अदलाबदल झालेली. या वेळी मात्र घाटातली आठवण ताजी होती, म्हणून सॉकेटमधल्या प्रत्येक लगला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या पत्र्याच्या चिमट्याला, आधी टेस्ट लॅम्प लावून कोणती लाइन कुठली हे पाहिले, दोन लग बाहेर काढून त्यांच्या जागा बदलल्या आणि मगच फ्लॅशर खोचला. तो पहिल्या फटक्यात मिनिटाला ८४ च्या गतीने चालू लागला, पुढे साधा बल्ब आणि मागे एलईडी असूनही.

मधे एक काम चटकन उरकले. मागचा डावा दिवा खड्ड्यात गाडी आपटली की चाचरत असे. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी दिव्याच्या पत्र्यावर ठेवून इंडिकेटर आणि ब्रेक दोन्ही चालू केले तर तीन व्होल्ट दिसले, जिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवे होते. अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने पत्रा उजळ केला, वायरीच्या टोकाला नवे थिंबल (धातूची कडी) दाबले, वरून व्हॅसलीन लावले आणि तो विषय मिटला.

खरी कोडी पुढे होती. मागचे बल्ब चार दिवस बिनतक्रार चालल्यावर मी पुढचे दोनही एलईडी केले आणि त्याबरोबर केबिनच्या डाव्या बाजूचा तो बंद पडलेला छोटा दिवाही लक्षात आल्यामुळे त्यात एलईडीच बसवला. उजव्या बाजूचा छोटा दिवा चालू होता, म्हणून तो तसाच राहू दिला. संध्याकाळी मामांनी गाडी मार्केट यार्डाच्या बाहेर काढताना उजवा इंडिकेटर दिला आणि मागे उभ्या असलेल्या मला चारही दिवे लुकलुकताना दिसले. उजवे दोन झगझगीत, डावे दोन मंद, पण लुकलुकत होते हे नक्की. मी ओरडून मामांना हजार्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावणारा स्विच, बंद करायला सांगितले. ते म्हणाले हजार्ड चालूच नाही. मग त्यांनी डावा इंडिकेटर दिला, तर फक्त डावाच लुकलुकला, अगदी जसा हवा तसा.

चार इंडिकेटर एकदम लागणे आणि एकही न लागणे यात मागच्या गाडीवाल्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही, उलट पहिले अधिक वाईट, कारण त्याला वाटते की हा थांबतो आहे आणि हा तर वळत असतो. मामांना मी त्या रात्री हात बाहेर काढून वळायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी रविवार असल्यामुळे सकाळपासून गाडीखाली शिरलो.

माझा पहिला संशय वायरिंगवर होता. उजव्या आणि डाव्या लाइनी कुठेतरी एकमेकींना चिकटल्या असतील, बहुधा घाटात जिथे आवरण वितळले होते तिथेच. मी तो सगळा भाग उकलला, प्रत्येक वायर स्वतंत्र टेप लावून पुन्हा गुंडाळली. फरक शून्य. दुसरा संशय स्टिअरिंगखालच्या स्विचवर. तो खोलून, कार्बन साफ करून, पुन्हा बसवण्यात दुपार गेली. तोही निर्दोष निघाला. मग हजार्डचा स्विच सॉकेटमधून काढून ठेवला. उजवा दिला की डावा लुकलुकतच होता. आडगाव नाक्यावरचे मिस्त्री, ज्यांच्या हाताखालून आमची गाडी नेहमी जाते, त्यांनी फोनवर सांगितले की नवा फ्लॅशर खराब असेल, जुना टाकून बघा. लग पुन्हा मूळ जागी करून जुना टाकला तर चारही दिवे लुकलुकले, फक्त दुप्पट गतीने.

वायरी चिकटलेल्या असत्या तर डावा दिला तेव्हा उजवाही लागायला हवा होता. दोष एकाच दिशेने का होतो, हा प्रश्न मी सकाळीच विचारायला हवा होता. तो संध्याकाळी पाच वाजता, मळलेले हात पुसत केबिनमध्ये बसलेलो असताना पडला. मी उगाच डावा-उजवा, डावा-उजवा असा स्विच हलवत होतो. आणि तेव्हा मला डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा दिसला. या गाडीच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच हिरवा दिवा आहे, दुतोंडी बाणाचा. डावा इंडिकेटर दिला की तो चांगला उजळ पेटत होता आणि उजवा दिला की मरगळलेला.

एकच दिवा दोन्ही बाजूंना कसा पेटतो, याचा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. मीटर पुढे ओढून त्याच्या मागे टॉर्च धरला. त्या इवल्या होल्डरला दोन वायरी होत्या, एक डाव्या लाइनची आणि एक उजव्या लाइनची. अर्थची वायर नव्हतीच. म्हणजे डावा इंडिकेटर दिला की करंट डाव्या लाइनीतून या छोट्या दिव्यात शिरतो, पलीकडे उजव्या लाइनीत उतरतो आणि उजव्या बाजूच्या विझलेल्या बल्बांमधून अर्थला जातो. उजवा दिला की याच्या उलट. विझलेल्या बाजूचे बल्ब त्या वेळी दिवे नसतात, ते हिरव्या दिव्याची अर्थिंगची वायर असतात. साधा २१ वॅटचा बल्ब थंड असताना त्याची तार जेमतेम दोन-तीन ओहमची असते. हिरव्या दिव्यातून येणारा अगदी थोडा करंट ती सहज गिळते आणि तिला ऊबसुद्धा येत नाही. एलईडीला मात्र तेवढाच करंट लुकलुकायला पुरतो.

आता सगळे एकामागून एक जुळले. मागचे बल्ब बदलले तेव्हा पुढचे साधे बल्ब जागेवर होते, म्हणून दोष दिसला नाही. त्याआधी रेझिस्टन्सच्या पट्ट्या होत्या, त्यांनीही हा करंट गिळला असता. पुढचे बदलल्यावर डाव्या बाजूला एकही साधा बल्ब उरला नाही, कारण केबिनचा छोटा दिवासुद्धा मी एलईडीचा केला होता. उजव्या बाजूला मात्र पाच वॅटचा तो एक जुना बल्ब शिल्लक होता. तो एकटा उजव्या बाजूच्या सगळ्या एलईडींना विझलेले ठेवत होता.

पडताळा घेणे सोपे होते. मी उजव्या बाजूचा छोटा बल्ब काढून हातात घेतला आणि मामांच्या मुलाला, जो तोपर्यंत डबा घेऊन आला होता, डावा इंडिकेटर द्यायला सांगितले. आता डावा दिला तरी चारही दिवे लुकलुकले. बल्ब परत बसवला, उजवे दोन विझले. मग तो बसलेला ठेवून मीटरमधला हिरवा दिवा काढला आणि दोन्ही बाजूंनी इंडिकेटर देऊन पाहिले. डावा दिला की फक्त डावा, उजवा दिला की फक्त उजवा. हिरवा दिवा परत बसवून, उजवा इंडिकेटर चालू ठेवून डाव्या लाइनीवर मल्टीमीटर लावला तर जिथे काहीच नको होते तिथे चौदा-पंधरा व्होल्ट उड्या मारत होते. त्या पोराला हे कळले की नाही माहीत नाही, पण मी इतक्या मोठ्याने हसलो की तो डबा ठेवून दोन पावले मागे सरकला.

उपायावरून माझे आणि मिस्त्रींचे एकमत झाले नाही. त्यांचे म्हणणे असे की डाव्या छोट्या दिव्यात पुन्हा पाच वॅटचा साधा बल्ब टाका आणि मोकळे व्हा. तो बल्ब कुठल्याही ढाब्याशेजारच्या टपरीवर मिळतो. त्याने काम झाले असते यात शंका नाही. परंतु जो बल्ब वर्षानुवर्षे बंद राहूनही कोणाला कळत नाही, त्याच्यावर अख्ख्या इंडिकेटरची भिस्त ठेवायची हे मला पटेना. तो एखाद्या रात्री घाटात उडाला की पुन्हा चारही दिवे लुकलुकणार आणि मामांना आतून ते दिसणारही नाही.

दुसरा उपाय दोन डायोडचा. सोमवारी एम. जी. रोडवरून १एन ४००७ या क्रमांकाचे दहा डायोड आणले. एक अँपिअर सोसणारे, आणि हिरव्या दिव्याला त्याचा आठवा भागही लागत नाही. होल्डरच्या दोन्ही वायरी कापल्या. डाव्या लाइनीतून एक डायोड, उजव्या लाइनीतून दुसरा, दोघांची चंदेरी रेघ असलेली टोके एकत्र जोडून ती होल्डरच्या एका कडीला, आणि होल्डरच्या दुसऱ्या कडीवरून नवी वायर ओढून मीटरमागच्या बोल्टवर अर्थ. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे डाव्या लाइनीतून आलेला करंट दिवा पेटवून थेट अर्थला जातो, उजव्या लाइनीत त्याला शिरताच येत नाही. डाग देताना दोन्ही डायोडचे पाय तोकडे कापले, कारण गाडीच्या हादऱ्याने लांब पाय मोडतात, आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी घातली. उजव्या बाजूचा डायोड मी आधी उलटाच जोडला होता; उजवा दिल्यावर हिरवा दिवा पेटेना तेव्हा लक्षात आले. तो काढून सुलटा केला. उजव्या बाजूचा पाच वॅटचा बल्ब पुन्हा काढून, म्हणजे सगळ्यात वाईट स्थिती मुद्दाम निर्माण करून, दोन्ही बाजू दहा-दहा मिनिटे चालवून पाहिल्या. एकदाही पलीकडचा दिवा लुकलुकला नाही, आणि हिरवा दिवा दोन्हीकडे सारखाच उजळ.

संध्याकाळी अंधार पडताना तपोवनाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत गाडी उभी करून मी वीस पावलांवरून मागून, मग कडेने, मग तिरक्या कोनातून दिवे पाहिले. साध्या बल्बची तार चहूकडे प्रकाश फेकते आणि मागची चकचकीत वाटी तो गोळा करून पुढे टाकते. प्रकाश देणाऱ्या सगळ्या चिपा टोकाला, पुढे तोंड करून बसवलेला एलईडी त्या वाटीकडे पाहतही नाही. समोरून तो तेज दिसतो आणि कडेने पाहिले की ठिपक्याएवढा होतो. माझे मागचे बल्ब कडेलाही चिपा असलेले होते, ते तिरक्या कोनातून व्यवस्थित दिसत होते. पुढचे मात्र पहिल्या प्रकारचे निघाले. शेजारून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते दिसणे सगळ्यात गरजेचे असते, म्हणून पुढे मी निमूटपणे पुन्हा २१ वॅटचे साधे बल्ब लावले. नव्या फ्लॅशरला त्याने काहीच फरक पडत नाही.

मागचे बल्ब इतक्या लवकर का उडत होते, याचेही उत्तर त्याच संध्याकाळी मिळाले. मागच्या दिव्यांच्या ब्रॅकेटखालचे रबर झिजून गेले होते आणि हात लावला की सगळा दिवा टकटक वाजत होता. ते रबर पाच मिनिटांत बदलले.

पासिंगच्या दिवशी तपासणाऱ्या साहेबांनी डावा दाखवा, उजवा दाखवा, ब्रेक दाखवा असे तीन आदेश दिले आणि पुढच्या गाडीकडे वळले. नवा फ्लॅशर बल्ब उडाल्याचे सांगत नाही, त्याची गती काही झाले तरी तीच राहते. त्यामुळे मामा आता रोज माल भरल्यावर हजार्ड लावून खाली उतरतात आणि गाडीभोवती एक फेरी मारतात, केबिनच्या कडेचे दोन छोटे दिवे धरून. उरलेले आठ डायोड मी त्यांच्या सीटमागच्या डब्यात काडेपेटीत घालून ठेवले आहेत. ते कशाचे आहेत हे त्यांनी विचारले नाही, फक्त काडेपेटीवर बॉलपेनने ‘भाऊचे’ असे लिहिले.